धुळीचं काम

कपडे नवे येतात. खोक्यातून, कडक घड्यांचे,
दुकानाचा वास असलेले.
मी त्यांना म्हातारं करते.

किसणीनं कोपर किसते, तारेच्या ब्रशनं कॉलर,
खिशांत दगड भरून शर्ट रात्रभर ओले टांगते,
सकाळी खिसे असे लोंबतात
की वीस वर्षं कुणी त्यांत तंबाखू, खिळे आणि रिकामे हात ठेवले असावेत.
काखेतला घाम मी चहात मीठ घालून उकळते.
शेवटी धूळ. तीही पोत्यातून येते, चाळलेली,
थेट कॅलिफोर्नियाहून,
आणि दाराबाहेर मोरा खोऱ्यातली आमची धूळ
फुकट उडत असते.
तिचा रंग कॅमेऱ्याला मानवत नाही म्हणे.

लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकायची
आणि तासाला बावीस डॉलर घ्यायचे.
आई विचारते, युफेलिया, हे शिकलीस तरी कुणाकडे?
तुझ्याकडे, म्हणते मी.
तू जन्मभर डाग काढलेस,
मी त्याच वाटेनं उलटी चालते.

तिसऱ्या सीझनला मार्शल मरायचा होता.
माणूस मरतो एकदाच, शर्ट लागतात चार:
एक कोरडा, एक भोकाचा, एक रक्ताचा,
आणि एक, गोळी चुकलीच तर.
चारही एका आईच्या पोटचे दिसायला हवेत.

नमुना म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारामागून
वडिलांचा शर्ट काढून नेला.
आईला सांगितलं नाही.

तिबुर्सियो, पवनचक्क्यांचा मिस्त्री.
नव्वद मैल जायचं, वर चढायचं, वंगण घालायचं,
नव्वद मैल परत.
पिकअपची काच खाली, डावा हात बाहेर,
जसा काही वाऱ्याचा भाव करतोय.
त्या शर्टाची डावी बाही
उजवीपेक्षा तीन छटा फिकी.

मी चारही डाव्या बाह्या
ब्लीचच्या पाण्यानं, दात घासायच्या ब्रशनं,
मनगटाकडून खांद्याकडे उडवत नेल्या.
दोन दिवस लागले.
गोष्ट होती अठराशे एक्याऐंशीची.
पिकअप यायला अजून चाळीस वर्षं होती.

ओडेट, आमची डिझायनर, टेबलापाशी थांबली.
डावीच का?
खोटं माझ्या जिभेवर तयारच होतं,
शिवून, इस्त्री करून.
मार्शल उजव्या कुशीवर झोपतो, म्हटलं, उघड्यावर.
सकाळचं ऊन डाव्या हातावर येतं.
ती माझ्याकडे बघत राहिली,
मग तिनं वहीत लिहून घेतलं.

सप्टेंबरात पुरस्कार. मालिकेला सात,
त्यातला एक कपड्यांचा.
ओडेट काळ्या गाऊनमध्ये पायऱ्या चढली,
इतका नवा गाऊन की माझे हात शिवशिवले.
म्हणाली, माणूस कोणत्या कुशीवर झोपतो
हे त्याच्या बाहीला ठाऊक असतं.
सगळं सभागृह उभं राहिलं.

आम्ही दोघी हिरव्या मिरच्या भाजून
त्यांची सालं काढत बसलो होतो.
वर्षभराच्या मिरच्या, टोपलीभर,
बोटं कोपरापर्यंत चुरचुरणारी.
पडद्यावर तो तुकडा पुन्हा दाखवला:
मार्शल घोड्यावरून घसरतो, धुळीस मिळतो,
डावा हात तेवढा वर राहतो थोडा वेळ,
उन्हात.

आईचा हात थांबला.
मला वाटलं, रक्त बघून.

"खिडकी," ती म्हणाली.

मी दारामागच्या खिळ्याकडे पाहिलं नाही.
तिनं मनगटानं डोळा पुसला, मग दुसरा,
हाताला तिखट असताना पुसू नये हे तिनंच मला शिकवलं होतं.
जाहिरात लागली. नव्या ट्रकची.
बराच वेळ आम्ही ती बघत होतो.

"किती वेळा सांगितलं, काच वर घे म्हणून.
कानात वारं भरतं."
तिनं पुढची मिरची उचलली.
"ऐकतोय कुठे."